बेण्याच्या जाहिरातीत मेल टाकला, आता फालतू मेल थांबेनात?



सध्या हळदीचं बेणं विकायचे दिवस आहेत. "सेलम बेणे मिळेल, मु. पो. पुसेगाव, ता. सेनगाव" असं फेसबुकच्या ग्रुपवर टाकून खाली मोबाईल नंबर आणि ईमेल देणारे आपले बरेच सभासद आहेत. गिऱ्हाईक येतं, नाही असं नाही. पण मागोमाग कर्जाचे, लॉटरीचे, घरबसल्या कमाईचे मेल सुरू होतात. मग ऑफिसात विचारणा होते, "आमचा मेल यांना दिला कुणी?"

कुणी दिला नाही, उघड्या पोस्टमधून उचलला. इंटरनेटवरची पानं रात्रंदिवस चाळणारे प्रोग्राम असतात. त्यांना हळद कळत नाही, पण ॲटच्या चिन्हाच्या मागंपुढं अक्षरं दिसली की मेल आणि सलग दहा आकडे दिसले की मोबाईल, एवढं बरोबर कळतं. अशा याद्या पुढं विकल्या जातात. माल विकला की पोस्ट काढाच, पण आधीच्या यादीत गेलेला पत्ता त्यानं परत येत नाही.

माझ्या मते फालतू मेल हा नुसता वैताग आहे. खरं नुकसान करतो तो तुमची जाहिरात नीट वाचून फोन करणारा. गाव, पीक, किती क्विंटल, काय भाव, सगळं तुम्हीच लिहिलेलं असतं, म्हणून तो ओळखीचा वाटतो. "मिलिटरीतून बोलतोय, हळद पाहिजे, ॲडव्हान्स टाकतो, हा क्यूआर स्कॅन करा." ही जुनी चाल आहे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. दुसरी चाल पीएम किसानच्या नावानं: "हप्ता अडकलाय, ही फाईल उघडा." फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर हात लावू नका. इन्स्टॉल झाली की तुमचे ओटीपी समोरचा वाचू शकतो. हप्त्याची चौकशी १५५२६१ वर करा.

आता उपाय. जाहिरातीसाठी वेगळा जीमेल काढा, फुकट आहे. बँक, महाडीबीटी, पीक विमा यांना दिलेला मेल आणि नंबर जाहिरातीत नको. घरात दुसरं सिम असेल तर तेच द्या. बँकेचाच मेल आधी टाकून बसला असाल तर शाखेत जाऊन दुसरा मेल नोंदवून घ्या. एक चक्कर होईल, पण हळदीची पट्टी त्याच खात्यावर येते, दादा.

आलेल्या फालतू मेलला उत्तर देऊ नका, शिवी सुद्धा नको. उत्तर गेलं की पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. अनोळखी मेलमधल्या 'अनसबस्क्राईब'चंही तेच. मेल निवडून 'स्पॅम म्हणून तक्रार करा' दाबा, म्हणजे तसले मेल पुढं स्पॅममध्ये पडतील. पण स्पॅम फोल्डर आठवड्यातून एकदा बघत जा. कधीकधी कामाचा मेलही तिथं जाऊन पडतो आणि जीमेल ३० दिवसांनी तो कायमचा काढून टाकतं.

जाहिरातीच्या फोन-मेसेजसाठी १९०९ ला फोन करून डीएनडी लावा. फसवणाऱ्याला डीएनडी अडवत नाही, हे मात्र धरून चाला. एसएमएस आला तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटचं इंग्रजी अक्षर बघा: 'पी' असेल तर जाहिरात, 'जी' असेल तर सरकारी. दहा आकडी नंबरवरून "बँकेतून" मेसेज आला तर तो सरळ काढून टाका.

पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका. लगेच १९३० लावा. जितक्या लवकर फोन, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची आशा जास्त.

संशयी मेसेजचा स्क्रीनशॉट ऑफिसच्या नंबरवर टाका, मूळ फाईल मात्र कुणाला फॉरवर्ड करू नका. बेणे प्रक्रियेचा मेसेज उद्या सकाळी पाठवतो.