तानसाचे जंगल : भांडवल न मोडता नफा

निजामपुऱ्यातून निघून नाशिक रस्त्याने शहापूरकडे गेले की तानसा अभयारण्य लागते. आपल्यापैकी बहुतेकांना तानसा म्हणजे १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा तलाव, एवढेच ठाऊक. याच जंगलात २०१४ साली रानपिंगळा आढळला. हे दुर्मिळ घुबड १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कुणाला दिसले नव्हते. १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ ते पुन्हा सापडले.

रानपिंगळा जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. झाड तोडले की त्याचे घर गेले. पण गावकऱ्याची चूलही पेटली पाहिजे. मोळी एकदाच विकली जाते. उभे झाड दरवर्षी पाहुणे आणते. पाहुण्याने गावातलाच वाटाड्या घेतला, गावातच भाकरी खाल्ली, तर पैसा जंगल राखणाऱ्याच्या हाती जातो. भांडवल न मोडता नफा घेणे, हा हिशेब आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा बंधूंनो, सुट्टीला माग बंद असले की मुलांना घेऊन जा. वन खात्याची परवानगी घ्या, पहाटे निघा, पक्ष्याला बोलावायला त्याच्या आवाजाची टेप वाजवू नका, कचरा परत आणा. आणि वाटाड्याच्या मजुरीत घासाघीस करू नका.