जादूच्या प्रयोगाचे मानधन ठरते कसे?

डिसेंबर जवळ आला की गोव्यातील शाळांची स्नेहसंमेलने, गावोगावचे जत्रोत्सव आणि संस्थांचे वर्धापनदिन यांच्या कार्यक्रमपत्रिका आकार घेऊ लागतात. नाटक, भजन किंवा ऑर्केस्ट्रा यांच्या दरांचा आयोजकांना साधारण अंदाज असतो. जादूच्या प्रयोगाची वेळ आली की मात्र हटकून प्रश्न येतो : तासाभराच्या कार्यक्रमाला एवढे पैसे कशाला? जादूगार एक आकडा सांगतो, आयोजक तो निम्म्यावर आणतो आणि तो आकडा मुळात कशावरून आला, हे पुष्कळदा दोघांनाही सांगता येत नाही.

कलावंताला द्यायच्या पैशांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. बिदागी म्हणजे निरोप देताना हातावर ठेवलेली रक्कम. तिच्यात देणाऱ्याची मर्जी मोठी. व्यावसायिक नटाची ‘नाईट’ असते आणि तिचा दर आधीच ठरलेला असतो. तमाशा-ऑर्केस्ट्राची ‘सुपारी’ घेतली जाते. जादूगाराच्या वाट्याला बहुधा ‘मानधन’ येते. शब्द आदराचा खरा, पण त्यात घासाघीस करण्यास भरपूर वाव राहतो.

हिशेब मांडायचा तर तासाऐवजी वर्षापासून सुरुवात करावी लागते. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, एखाद्या जादूगाराकडे सहा लाख रुपयांचे साहित्य आहे आणि ते आठ वर्षे टिकते. म्हणजे वर्षाला ७५ हजार रुपयांची झीज. दुरुस्ती ३० हजार, साहित्य ठेवण्याच्या खोलीचे भाडे व पोशाख मिळून ६० हजार, जाहिरात आणि फोन १५ हजार. ही बेरीज एक लाख ८० हजार होते. वर्षाला ६० प्रयोग झाले तर प्रत्येक प्रयोगावर तीन हजारांचा भार येतो, आणि तो पडदा उघडण्यापूर्वीच बसलेला असतो.

त्यापुढे प्रयोगाच्या दिवसाचा खर्च. तीन साहाय्यकांना प्रत्येकी दीड हजार, टेम्पोला साडेतीन हजार, प्रत्येक वेळी संपणाऱ्या वस्तू एक हजार, जेवणखाण एक हजार : एकूण दहा हजार. म्हणजे १३ हजार रुपये मिळाले तेव्हा कोठे जादूगाराची बरोबरी झाली. त्याच्या घरी अद्याप एक रुपयाही गेलेला नाही. महिना ३० हजारांत संसार चालवायचा तर ६० प्रयोगांवर प्रत्येकी सहा हजार येतात. मानधन १९ हजार झाले. ‘बारा हजारांत करून टाका’ असे कोणी म्हणाले तर त्या रात्री कलावंत एक हजार रुपये पदरचे घालतो.

प्रयोगांची संख्या घटली की आकडा चढतो. ६०ऐवजी ४०च प्रयोग झाले तर कायम खर्चाचा वाटा साडेचार हजार, चरितार्थाचा नऊ हजार आणि एका प्रयोगाची किंमत साडेतेवीस हजार होते. गोव्यात चतुर्थीचे दिवस सोडले तर पावसाळ्यात उघड्यावरचे कार्यक्रम फारसे होत नाहीत. त्या रिकाम्या तारखांचा भार हंगामातील प्रयोगांनीच उचलायचा असतो. म्हणून दुसऱ्याच्या दराकडे पाहून आपला दर ठरवणे धोक्याचे. शेजारचा जादूगार नोकरी सांभाळून हौसेने प्रयोग करत असेल तर त्याच्या मानधनात चरितार्थाचा रकाना नसतो. त्याचा दर खोटा नव्हे, पण ज्याचे पोट याच कलेवर आहे त्याच्याकडून त्या दराची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

एक खर्च बहुधा कोणीच धरत नाही. पी. सी. सरकार यांचे ६ जानेवारी १९७१ रोजी जपानमधील होक्काइडो येथे, दौऱ्यावर असतानाच निधन झाले. त्यांच्या मागे मुलगा ती परंपरा पुढे नेण्यास उभा राहिला. पुण्यातही रघुवीर (१९२४–१९८४), त्यांचे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्यांनी रंगमंच सांभाळला. ज्याच्या घरात अशी पुढची पिढी नाही, त्याचा सारा व्यवसाय एका माणसाच्या प्रकृतीवर उभा असतो. आजारपणाची आणि उतारवयाची तरतूद मानधनातूनच काढावी लागते. निवृत्तिवेतन नावाची गोष्ट या धंद्यात नाही.

तिकीट लावले तर

नाट्यगृह घेऊन तिकिटावर प्रयोग करायचा तर जोखीम कोणाची, हा पहिला प्रश्न. ४०० आसनांच्या सभागृहात दीडशे रुपयांची २४० तिकिटे खपली तर ३६ हजार जमतात. भाडे आणि जाहिरात यांचे १५ हजार वजा जाता २१ हजार उरतात. वरच्या हिशेबातील १९ हजार जेमतेम सुटतात. त्याच रात्री २०० तिकिटेच खपली तर उरतात १५ हजार आणि चार हजारांची खोट येते. अशा वेळी किमान रकमेची हमी आणि त्यावरील उत्पन्नात ठरलेला वाटा, ही पद्धत दोन्ही पक्षांना सोयीची. हमी नसेल तर कलावंताचा वाटा मोठा हवा, कारण तोट्याची भीतीही त्यालाच आहे.

कराविषयी थोडक्यात. सर्कस, नृत्य किंवा नाट्यप्रयोगाच्या प्रवेशशुल्कावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटीची सूट आहे. कलावंताच्या दीड लाखापर्यंतच्या मानधनाला असलेली सूट मात्र लोककला वा शास्त्रीय प्रकारातील संगीत, नृत्य आणि नाट्य यांच्यापुरती आहे. जादूचा तेथे नामोल्लेख नाही. गोव्यात सेवांसाठी नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख रुपये असल्याने बहुतेकांना हा प्रश्न प्रत्यक्षात भेडसावत नाही.

अंतर वाढले की सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो. समजा, भोपाळच्या करोंद भागातील एखाद्या गणेशोत्सव मंडळाने फोंड्याच्या जादूगाराला बोलावले. करोंद म्हणजे शहराच्या उत्तर बाजूचा, कृषी मंडीसाठी ओळखला जाणारा भाग. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी भोपाळ गाठते. एका प्रयोगासाठी जाऊन-येऊन चार-पाच दिवस मोडतात आणि तेही ऐन हंगामातील. त्या दिवसांत घरच्या दोन तारखा सोडाव्या लागल्या तर त्यांची भरपाई कोणी करायची? मोठ्या पेट्या डब्यातून नेता येत नाहीत. त्या पार्सलने पाठवाव्या लागतात, स्थानकापासून मंडपापर्यंत पुन्हा टेम्पो लागतो. मानधन दुप्पट मागितले तर मंडळाला ते परवडणार नाही, न मागितले तर कलावंताला. अशा वेळी शहाणा आयोजक भोपाळमधील आणखी दोन मंडळांशी बोलतो. तीन प्रयोग लागोपाठ लागले की प्रवासखर्च तिघांत वाटला जातो आणि दर दोघांनाही पेलेल असा होतो. प्रवास, निवास आणि भोजन मानधनात धरलेले नाही, हे मात्र पत्रात लिहून घ्यावे.

मोबाइलवर उतरणारा प्रयोग

अलीकडे भांडण पैशांइतकेच चित्रीकरणावरून होते. प्रेक्षक मोबाइल उंचावतात, आयोजकही संपूर्ण प्रयोग समाजमाध्यमावर टाकून मोकळे होतात. नाटक पुन्हा पाहिल्याने त्याची गोडी कमी होतेच असे नाही. जादूचे तसे नसते : चित्रफीत थांबवून, मागे नेऊन पाहता आली की वर्षभराच्या सरावाचे गुपित दोन मिनिटांत उघडे पडते आणि सहा लाखांच्या साहित्यातील एक पेटी अडगळीत जाते.

येथे कायदा कलावंताच्या बाजूने आहे, ही बाब फारशी परिचित नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येत नट, गायक, नर्तक यांच्या बरोबरीने जादूगाराचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रयोगाचे दृश्य वा ध्वनिमुद्रण करण्याचा हक्क सादरकर्त्याचा असतो आणि तो ५० वर्षे टिकतो. म्हणून चित्रीकरणाची परवानगी द्यायची तर तिचे वेगळे मूल्य लावणे रीतसर आहे. गंमत अशी की, याच जादूगाराने रस्त्यावर खेळ करून थाळी फिरवली तर महाराष्ट्रातील १९५९चा भिक्षा-प्रतिबंधक कायदा त्याच्याकडे भिकारी म्हणून पाहू शकतो. त्या व्याख्येत खेळ करून दाखवून पैसे मागणेही येते. कला तीच, हात तेच. फरक फक्त छपराचा.

व्यवहार तोंडी राहिला की तक्रारीला जागा राहते. एका पानाचे पत्र पुरेसे आहे. प्रयोगाची तारीख व कालावधी, एकूण रक्कम, आगाऊ द्यायचा विसार, उरलेली रक्कम प्रयोग सुरू होण्यापूर्वी की संपल्यावर, पाऊस वा वीज गेल्याने प्रयोग रद्द झाल्यास विसाराचे काय, रंगमंचाच्या बाजूला व मागे प्रेक्षक बसवायचे नाहीत, चित्रीकरण किती मिनिटांचे. कबूतर वा ससा वापरायचा असेल तर २००१च्या नियमांनुसार प्राण्यांची नोंदणी झालेली आहे का, हेही आयोजकाने आधीच विचारावे. धर्मादाय कार्यक्रमासाठी सवलत द्यायची असल्यास पावतीवर पूर्ण दर लिहून त्याखाली सवलतीची रक्कम दाखवावी, म्हणजे पुढच्या वर्षी बोलणी सवलतीच्या आकड्यापासून सुरू होत नाहीत.