जुना संगणक जाळ्यात जोडताना

प्रस्तावना

रायपूरहून धमतरीकडे जाणारी लहान रेल्वे अनेक दशके केवळ ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावत असे. अभनपूर येथे तिला राजिमकडे जाणारा फाटा फुटे. मुख्य मार्गाचा रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचा असल्यामुळे या गाडीचा डबा त्यावर चालू शकत नसे. डबा निकामी नव्हता. त्याचे माप निराळे होते. मार्च २०२५ मध्ये रायपूर ते अभनपूर या टप्प्यावर रुंद मापाच्या रुळांवरून प्रवासी गाडी सुरू झाली आणि मापातील हे अंतर तेथे मिटले.

जुन्या संगणकाचेही असेच असते. तो सुरू होतो, अक्षरे उमटवितो. परंतु दुसऱ्या संगणकाशी बोलू शकत नाही. मग तो भंगारात जातो. असे का घडते व त्यावर उपाय कोणता, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• नेटवर्क कार्डाचे कार्य सांगता येईल;
• कार्ड न चालण्याची कारणे क्रमाने शोधता येतील;
• जुन्या यंत्रांसाठी लिनक्स उपयुक्त का ठरते, ते स्पष्ट करता येईल.

१. कार्ड आणि त्याची खाच

संगणकातील माहिती तारेवरून पाठविणारी व तारेवरून आलेली माहिती आत घेणारी पट्टी म्हणजे नेटवर्क कार्ड. ते संगणकाच्या मुख्य फलकावरील खाचेत बसवितात. १९८० च्या दशकातील संगणकांत ‘आयसा’ नावाची, बहुधा काळी व लांब खाच असे. १९९२ मध्ये इंटेल कंपनीने ‘पीसीआय’ ही नवी रचना आणली. तिची खाच आखूड व बहुधा पांढरी असते. एका प्रकारचे कार्ड दुसऱ्या प्रकारच्या खाचेत बसत नाही. म्हणून कार्ड विकत घेण्यापूर्वी खाच पाहावी. रुळाचे माप जाणल्याशिवाय डबा आणण्यात अर्थ नाही.

२. पत्ता आणि घंटा

आयसा प्रकारातील ‘एनई-२०००’ हे कार्ड अतिशय प्रसिद्ध होते. नॉव्हेल कंपनीच्या या कार्डाच्या असंख्य नकला बाजारात आल्या व त्या स्वस्त असल्याने सर्वदूर पोहोचल्या.

अशा कार्डाला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे पत्ता. मध्यवर्ती प्रक्रियक कार्डाशी ज्या क्रमांकावर व्यवहार करतो, तो हा पत्ता. एनई-२००० साठी तो बहुधा षोडशमान पद्धतीतील ३०० असा ठेवलेला असे. दुसरी गोष्ट म्हणजे घंटा. तारेवरून माहिती आली की कार्ड प्रक्रियकाला खूण करते. या खुणेच्या क्रमांकास ‘आयआरक्यू’ म्हणतात.

अडचण येथेच उद्भवते. कार्डाचा घंटा-क्रमांक पुष्कळदा ३ असे आणि संगणकाच्या दुसऱ्या सिरिअल पोर्टचा क्रमांकही ३ असे. दोन घरांची घंटा एकाच तारेला जोडली, तर दार कोणी उघडावे? अशा वेळी माहिती हरवते किंवा यंत्र थबकते. उपाय सोपा आहे. जुन्या कार्डावर ‘जंपर’ नावाच्या लहान टोप्या असतात. त्या हलवून ५ सारखा मोकळा क्रमांक निवडावा, अथवा न लागणारे सिरिअल पोर्ट बंद करावे. जंपर नसलेल्या कार्डांत हे क्रमांक कंपनीच्या फ्लॉपीवरील प्रोग्रॅमने बदलावे लागत.

३. लिनक्सचे साहाय्य

कार्ड चालविण्यासाठी ‘ड्रायव्हर’ नावाचा प्रोग्रॅम हवा. कंपनीने तो देणे थांबविले की चांगले कार्डही मुके होते. लिनक्सचे वेगळेपण येथे दिसते. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ही संचालन प्रणाली सुरू केली. तिचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. डोनाल्ड बेकर यांनी तिच्यासाठी अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर लिहिले. त्यांनी व थॉमस स्टर्लिंग यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेत १६ साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ नावाचा शक्तिशाली समूह उभा केला. साधी यंत्रे नीट जोडली, तर मोठे काम करतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मात्र आवृत्ती यंत्राच्या वयाला साजेशी हवी. लिनक्सच्या २०१३ मधील ३.८ या आवृत्तीपासून ३८६ प्रक्रियकाचा आधार काढून टाकण्यात आला. तशा यंत्रावर त्यापूर्वीचीच आवृत्ती चालते. शिवाय आयसा कार्डाचा ड्रायव्हर सुरू करताना पत्ता आपणच सांगावा लागतो. पीसीआय कार्ड मात्र आपली ओळख स्वतः देते.

४. तपासाचा क्रम

काम करण्यापूर्वी विजेची जोडणी काढावी. जुना काचेचा पडदा कधीही उघडू नये. त्यात धोकादायक विद्युतभार साठलेला असू शकतो. नंतर पुढील क्रम पाळावा : खाच, पत्ता, घंटा, ड्रायव्हर, तार. जुन्या गोल तारेच्या जाळ्यात दोन्ही टोकांना ५० ओहमची टोपी आवश्यक असते. एक टोपी निघाली, तर संकेत टोकावरून परततो व सारे जाळे बंद पडते. शेवटी शेजारच्या संगणकाला ‘पिंग’ आज्ञा द्यावी. उत्तर आले, की जोडणी झाली.

जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. म्हणून असा संगणक थेट इंटरनेटला जोडू नये. घरातील वा वर्गातील जाळ्यापुरताच वापरावा. जो खरोखर निरुपयोगी ठरेल, तो कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावा, कारण त्यात शिशासारखी विषारी द्रव्ये असतात.

५. यंत्र आणि भाषा

मूळ मजकूर खुला असल्याचा लाभ भाषांनाही झाला. लिनक्सवरील पडदा मराठीत वाचता येतो. रविशंकर श्रीवास्तव यांनी तो हिंदीबरोबर छत्तीसगढीतही आणला. शाळा सुटलेल्या, परंतु शिकण्याची इच्छा असलेल्या माणसाला स्वतःच्या भाषेत बोलणारे एक जुने यंत्रही पुरेसे असते. त्यावर तो टंकलेखन शिकतो, हिशेब मांडतो आणि दुरुस्तीचे कौशल्यही मिळवितो. यंत्र बंद का पडले, हे क्रमाने शोधण्याची सवय त्याला पुढे कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. आयसा व पीसीआय या खाचांतील फरक सांगा.
२. ‘दोन घरांची एक घंटा’ या उदाहरणातून लेखकाने कोणती अडचण समजावली आहे?
३. ड्रायव्हरचा मूळ मजकूर खुला असण्याचे महत्त्व स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखादी बंद पडलेली वस्तू निवडा व तिच्या तपासाचा क्रम पाच वाक्यांत लिहा.