पाटावरची बंदूक आणि तिचा कान

आश्विन शुद्ध नवमी, अर्थात खंडेनवमी. घटावर नववी माळ चढते, झेंडूच्या राशींनी बाजार केशरी होतो आणि घरोघरची आयुधे पूजेसाठी पाटावर येतात. शेतकऱ्याचा कोयता, सुताराची पटाशी, लेखनिकाची दौत, गृहिणीची विळी, साऱ्यांना हळदकुंकू लागते. काही जुन्या वाड्यांतून मात्र तलवारीशेजारी पूर्वजांची ठासणीची बंदूकही मांडली जाते. तलवारीची धार डोळ्यांना दिसते. बंदुकीचे मर्म नळीच्या पोटात दडलेले असते. तेव्हा गंधाक्षता वाहण्यापूर्वी ते जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

बंदुकीची मुख्य अंगे तीन: लोखंडी नळी, खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणि आग लावणारी कळ. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून ती गजाने घट्ट ठाशीत. नळीच्या बंद टोकाजवळ एक बारीक छिद्र असते. तोफेप्रमाणे बंदुकीच्याही या छिद्राला कान म्हणतात. कानाबाहेरच्या लहानशा वाटीत रंजक, म्हणजे पेट घेणारी चिमूटभर दारू असे. रंजक पेटली की ठिणगी कानातून आत शिरे, कोंडलेल्या दारूचा क्षणात तप्त वायू होई आणि त्याला वाट एकच, गोळीला पुढे लोटण्याची!

रंजक पेटवावी कशी, या एका प्रश्नाभोवती बंदुकीचा इतिहास फिरला आहे. इ. स. १५२६ मध्ये पानिपतावर बाबराने वापरल्या त्या तोड्याच्या बंदुका. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली दोरी, जामगी, मंदपणे धुमसत असे. चाप ओढताच ती चिमट्यासह रंजकेवर झुके. पावसात ती विझे आणि रात्री तिच्या निखाऱ्याने शत्रूला ठिकाण कळे. पुढे गारेची बंदूक आली. तिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी असे व ती पोलादावर आपटून ठिणगी पडे. १७६१ च्या पानिपतात इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींजवळ अशाच बंदुका होत्या. मग आली तांब्याची टोपी. घोड्याच्या आघातानेच ती पेटे. १८५७ च्या असंतोषाला निमित्त झालेली एन्फील्ड याच जातीची. नळीत पिळदार खाचा असल्याने तिची गोळी फिरत, नेमकी जाई. आजच्या काडतुसात टोपी, दारू व गोळी एकाच पितळी पुंगळीत असतात आणि घोड्यामागचा खिळा टोपीवर बसतो. कान उरलाच नाही.

पण वाड्यातील बंदुकीला कान आहे, आणि आमची चिंता तिथेच आहे. पुष्कळदा रंजक नुसती भुर्रकन जळून जाई आणि नळीतला बार तसाच राही. शिवाय चोर-श्वापदांच्या भयाने भरलेली बंदूक खुंटीला टांगण्याची रीत होती. टांगणारे गेले, बंदूक राहिली. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. आता पूजेचे साहित्य आठवा: उदबत्ती, निरांजन, कापूर. धुमसणारी उदबत्ती आणि जामगी यांत भेद तो काय? ओवाळताना एक ठिणगी कानाशी पडली, तर समोर घरचीच मुलेमाणसे हात जोडून उभी असतात.

बंदूक रिकामी आहे की नाही, हे जाणकार साध्या रीतीने ओळखतो. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करायची आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. खूण तोंडाशी धरली असता गजाचे टोक कानापर्यंत न पोहोचता चार बोटे अलीकडेच राहिले, तर आत काहीतरी आहे. मात्र हे काम घरी करू नये, आतील बार उपसण्याचा यत्न तर मुळीच नको. परवानाधारक बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडेच ते सोपवावे.

दसऱ्याला हौसेने हवेत बार काढणारेही आढळतात. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी अंगणात उतरतेच. इतरांच्या जिवाला धोका होईल अशा या हौसेला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्हीही, सांगितले आहेत.

तपासून आणलेली बंदूक पाटावर आडवी ठेवावी, तोंड रित्या भिंतीकडे असावे. गंध दस्त्याला लावावे, झेंडूची माळ नळीवर घालावी, आणि निरांजनाचे तबक पाटापासून दूर, देव्हाऱ्याशीच राहू द्यावे.