जुनी सीडी घेताना

रद्दीच्या दुकानातून घेतलेली कादंबरी आपल्या मालकीची होते. मग सॉफ्टवेअरची जुनी सीडी का होऊ नये, असं मला लोक विचारतात. कारण विकणाऱ्याकडे बहुधा मालकी नसते, असतो तो फक्त वापरण्याचा परवाना.

अमेरिकेतल्या एका वास्तुविशारद कंपनीनं ३,७५० डॉलरांचं नवं ‘ऑटोकॅड’ सवलतीत ४९५ डॉलरांना घेतलं. अट एकच, जुन्या प्रती नष्ट करायच्या. २००७ मध्ये तिनं त्यातल्या चार प्रती चक्क विकल्या, वर हातानं लिहिलेले कोडही दिले! २०१० मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं, कंपनी मालक नव्हतीच. तेव्हा घेणाराही मालक झाला नाही. युरोपच्या न्यायालयानं मात्र २०१२ मध्ये कायमच्या परवान्याची फेरविक्री मान्य केली, पहिल्यानं आपली प्रत निकामी केली तर.

आपल्याकडे बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा विकणाऱ्याकडं मूळ बिल आणि परवान्याच्या अटी मागा. नव्या संगणकाबरोबर आलेलं विंडोज तर सहसा त्याच यंत्राशी बांधलेलं असतं. ते कुणी सुटं विकत असेल, तर घेऊच नका.