ट्रकचे काळीज, स्पोर्ट्स कारची छाती

हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचे ट्रॅक्टर तयार होतात, हे नागपूरकरांना सांगायला नको. पण याच कंपनीच्या सीजे 500 डी या जुन्या जीपमध्ये ट्रॅक्टरच्याच घराण्यातले डिझेल इंजिन होते, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. जीप तशीही सावकाश चालणारी आणि मजबूत चासीवर उभी. तिला ते इंजिन मानवले, शिवाय ही जोडणी कारखान्यात, हिशेब करून झालेली होती.

हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये ट्रकचे इंजिन बसवणे ही गोष्ट वेगळी. अमेरिकेत मोडीत निघालेल्या पिकअप ट्रकचे 5.3 लिटरचे व्ही-8 इंजिन काढून माझदा मिआटासारख्या छोट्या गाडीत घालण्याचा छंद चांगलाच रुजला आहे. त्याचे व्हिडिओ मोबाइलवर पाहून इकडच्या पोरांनाही हुरूप येतो. हौस समजण्यासारखी आहे, पण व्हिडिओत आवाज ऐकू येतो, ब्रेकचा हिशेब दिसत नाही.

वैद्यकात याच्या जवळची गोष्ट म्हणजे हृदयरोपण. डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले आणि फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातला पहिला प्रयत्न केला. तो रुग्ण काही तासच जगला. आज हे शास्त्र बरेच पुढे गेले आहे, तरी दात्याची आणि रुग्णाची उंची, वजन, लिंग जुळवून पाहिले जाते. हृदय फार लहान असेल तर ते कमी पडते. फार मोठे असेल तर छाती बंद करताना त्यावर दाब येतो आणि ते नीट भरत नाही. मोठे तेवढे चांगले, असा नियम शरीरात नाही.

गाडीतही नाही. ट्रकचे मोठे डिझेल इंजिन साधारण अडीच-तीन हजार फेऱ्यांतच थकते, स्पोर्ट्स कारचे पेट्रोल इंजिन सहा-सात हजारांपर्यंत जाते. पहिला गडी पोती उचलणारा हमाल, दुसरा शंभर मीटर धावणारा. हमालाची ओढ जबरदस्त, पण ती सोसण्यासाठी लागणारा गिअरबॉक्स, शाफ्ट आणि अ‍ॅक्सल हलक्या गाडीत नसतात. ते तुटतात, आणि तेही बहुधा ऐन ओव्हरटेकच्या वेळी, कारण जोर तेव्हाच लागतो. पुढचे वजन वाढल्याने गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते. रेडिएटर मूळचाच राहिला तर नागपूरच्या मे महिन्यात इंजिन तापायला अर्धा तासही नको.

ब्रेकचे गणित तर शाळेतलेच आहे. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. समृद्धी महामार्गावर कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. ताशी 60 च्या तुलनेत तिथे ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते, वाढलेल्या वजनाची भर वेगळीच.

या सगळ्यापेक्षा कमी बोलला जाणारा धोका आहे तो भोकांचा. मोठे इंजिन मावावे म्हणून बॉनेट आणि केबिन यांच्यामधला पत्रा कापतात, सायलेन्सरची नळी घरगुती वेल्डिंगने जोडतात. तिथून धूर आत शिरतो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 मध्येच जाहीर केले आहे, पण ते नुकसान वर्षानुवर्षांचे. कार्बन मोनॉक्साइड मात्र एका प्रवासात जीव घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनात तो डिझेलपेक्षा जास्त तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट ओढीने चिकटतो. उन्हामुळे काचा बंद, एसी सुरू, आणि मागच्या सीटवरचे मूल पेंगते आहे. डोके दुखते, मळमळते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘गाडी लागली असेल’ किंवा ‘पित्त झाले असेल’.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

तरीही अशा गाडीत बसण्याची वेळ आली आणि दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर इंजिन बंद करून सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि थेट रुग्णालय गाठावे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखेच दिसते आणि तो खुशाल 98 दाखवतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. ती डॉक्टर तेव्हाच सांगतील, जेव्हा गाडीचे इंजिन बदलले आहे ही गोष्ट त्यांच्यापासून लपवली जाणार नाही.