आरोपीचा स्वमुखें बचाव

मनुष्यवध, चोरी इत्यादि गुरुतर अपराधांत प्रतिनिधि देऊं नये, कर्त्यानेंच स्वतः विवाद करावा, असा कात्यायनस्मृतीचा नियम आहे. तेथें स्वमुखें उत्तर देणें हें आरोपीचें कर्तव्य होय. अर्वाचीन न्यायपद्धतींत तो त्याच्या इच्छेचा विषय झाला. याचें ठळक उदाहरण लोकमान्य टिळकांचें. जुलै १९०८ मध्यें मुंबई हायकोर्टांत राजद्रोहाच्या खटल्यांत एकवीस तासांहून अधिक बोलून त्यांनीं स्वतःच बचाव मांडिला. न्यायासनावरील दावर हे १८९७ सालीं त्यांचेच वकील होते! ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं दोषी ठरविलें व टिळक सहा वर्षांच्या शिक्षेवर मंडालेस गेले. स्वमुखें बोलल्यानें सुटका होतेच असें नाहीं. परंतु आरोपीचें म्हणणें त्याच्याच शब्दांत इतिहासास लाभतें. १९०९ च्या नाशिक येथील जॅक्सनवधाच्या अभ्यासकांनींही आरोपींचे जबाब निकालपत्राआधीं वाचावे.